‘स्टेडी डाएट ऑफ नथिंग’ ही फुगाझीची चूक नव्हती

वॉशिंग्टन डी.सी.च्या फुगाझी या पंक रॉक गटाविषयी बोलणे निघाले की एक मत हमखास ऐकू येते आणि ते बहुतेक वेळा पुन्हा न तपासता पुढे दिले जाते. 1991 साली आलेला ‘स्टेडी डाएट ऑफ नथिंग’ हा या गटाचा सर्वांत कमकुवत अल्बम आहे, असे ते मत. त्याच्या पुष्ट्यर्थ चार कारणे दिली जातात. बाहेरचा निर्माता नसल्यामुळे अल्बमचा आवाज निर्जीव झाला आणि हे स्वतः वादकांनीही मान्य केले आहे. त्यातले राजकारण घोषणांच्या पातळीवरचे आणि आता कालबाह्य झालेले आहे. दोन गाणी वगळता लक्षात राहण्याजोगे काही नाही. आणि ‘रिपीटर’ व ‘इन ऑन द किल टेकर’ या दोन मोठ्या अल्बमांमध्ये तो केवळ वेळ भरून काढतो. पोस्ट-हार्डकोअर (वेगवान, आक्रमक अशा हार्डकोअर पंकमधून पुढे निघालेले संगीत) ऐकू लागलेले अनेक तरुण श्रोते या मतावर विसंबून हा अल्बम वगळतात, आणि त्याचे मला मनापासून वाईट वाटते. म्हणून ही कारणे एकेक करून पाहणे आवश्यक आहे.

पहिला आक्षेप सर्वांत गंभीर आहे आणि त्यात तथ्याचा अंशही आहे. ‘रिपीटर’चा निर्माता टेड नाइसली या वेळी उपलब्ध नव्हता, त्यामुळे इयन मकाय (गायन, गिटार), गी पिचोट्टो (गायन, गिटार), जो लॅली (बेस) आणि ब्रेंडन कँटी (ड्रम) या गटातल्या चौघांनी व्हर्जिनियातील आर्लिंग्टन येथे, डॉन झिएन्टारा यांच्या इनर इअर स्टुडिओत, निर्मितीची जबाबदारी स्वतःच घेतली. मिश्रणाच्या वेळी, म्हणजे वेगवेगळ्या वाद्यांचे आवाज एकत्र जुळवताना, प्रत्येक जण दुसऱ्याला दुखवू नये म्हणून आपले वाद्य पुढे आणण्याचा आग्रह धरत नव्हता आणि परिणामी सगळेच काहीसे सपाट झाले, अशा अर्थाची खंत गटातल्या मंडळींनी पुढे व्यक्त केलेली आहे. ही खंत खरी आहे आणि ती मी नाकारत नाही. प्रश्न एवढाच आहे की श्रोत्याने तिला निकालपत्र मानावे का.

ध्वनिमुद्रण करणाऱ्याच्या मनात दोन अल्बम असतात, एक प्रत्यक्ष झालेला आणि एक व्हायला हवा होता तो. त्याची निराशा या दोहोंमधल्या अंतरातून येते. श्रोत्याजवळ मात्र पहिलाच असतो, आणि तो स्वतःच्या कानांनी ऐकून ठरवण्याचा त्याचा अधिकार वादकांच्या पश्चात्तापामुळे कमी होत नाही. आता हा ‘सपाट’ आवाज प्रत्यक्षात कसा आहे ते पाहू. ड्रमच्या भोवती खोलीचा घुमारा जवळजवळ नाही, गिटारींवर चढवलेली जाडी नाही आणि आवाजाची भिंत उभारण्याचा कोणताही प्रयत्न नाही. त्यामुळे जो लॅली यांचा बेस इतका पुढे येतो की अनेक गाण्यांत मुख्य चाल तोच वाहतो आणि दोन्ही गिटारी त्याच्याभोवती टोचत, थांबत, माघार घेत राहतात. पिचोट्टो यांनी सुरुवातीच्या काळात गटात प्रामुख्याने गायन केले होते. त्यांची गिटार ‘रिपीटर’पासून नियमितपणे येऊ लागली, म्हणजे दोन गिटारींनी एकमेकींना जागा कशी द्यायची हे हा गट त्या वेळी अजून शिकत होता. हे शिकणे इतक्या उघडपणे ऐकू येते ते आवाज कोरडा आहे म्हणूनच. तोच अल्बम भरगच्च, चकचकीत मिश्रणात ऐकायला मिळाला असता तर ही घडण त्याखाली गाडली गेली असती.

‘रिक्लेमेशन’ची सुरुवात या दृष्टीने लक्षपूर्वक ऐकावी. गिटारचा फीडबॅक शिट्टीसारखा तीक्ष्ण होऊन ताणला जातो, खाली बेस एकच आकृती चिकाटीने फिरवत राहतो आणि या दोन थरांच्या मधली जागा मोकळी सोडलेली आहे. मकाय यांचे शब्द नेमके त्या मोकळ्या जागेत पडतात. शेवटाकडे परतीची हाक पुन्हा पुन्हा येऊ लागते तेव्हा गाण्याचा आवाज फारसा वाढलेला नसतो, परंतु ताण दुप्पट झालेला असतो. ही किमया निर्जीव ध्वनिमुद्रणात शक्य नाही.

येथे काळाचाही विचार करायला हवा. हा अल्बम 1991च्या उन्हाळ्यात आला आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये निर्वाणा या रॉक गटाचा ‘नेव्हरमाइंड’ आला. त्या अल्बमच्या मोठ्या, गुळगुळीत, रेडिओवर चपखल बसणाऱ्या आवाजाने पुढच्या दशकभरातील श्रोत्यांच्या कानांना एक सवय लावली, आणि माझ्या मते ‘स्टेडी डाएट’वरचा निर्जीवपणाचा शिक्का बऱ्याच अंशी त्या सवयीतून आलेला आहे. शिवाय निर्माता नसणे हाच दोष असता तर 1995चा ‘रेड मेडिसिन’ही फसायला हवा होता, कारण तोही गटाने स्वतःच निर्माण केला होता. त्या अल्बमची मात्र सर्वत्र, आणि योग्यच, प्रशंसा होते.

आता राजकारणाचा आक्षेप. हा आक्षेप घेणाऱ्यांनी गाणी कोणत्या दिवसांत तयार झाली याकडे लक्ष दिलेले नाही असे मला वाटते. 12 जानेवारी 1991 रोजी व्हाइट हाउससमोरील लाफायेत पार्कमध्ये फुगाझीने आखाती युद्धाच्या विरोधात आणि बेघरांच्या प्रश्नावर कडाक्याच्या थंडीत विनामूल्य मैफल केली. पॉझिटिव्ह फोर्स या स्थानिक संघटनेने ती भरवली होती. त्यानंतर आठवडाही उलटला नाही तोच बगदादवर बॉम्बवर्षाव सुरू झाला. अल्बमचे काम याच हिवाळ्यातले आहे. त्या वेळी अमेरिकी लष्कर पत्रकार परिषदांतून चित्रफिती दाखवत होते, ज्यांत बॉम्ब नेमक्या इमारतीच्या नेमक्या झरोक्यात शिरताना दिसे, आणि युद्ध आता स्वच्छ झाले आहे असा समज घरोघरी पोहोचत होता. वास्तविक त्या युद्धात टाकलेले बहुसंख्य बॉम्ब दिशा-नियंत्रण नसलेले, जुन्याच पद्धतीचे होते. ‘नाइस न्यू आउटफिट’ या गाण्यात पिचोट्टो धुराड्यातून अचूक खाली सोडल्या जाणाऱ्या बॉम्बचा आणि नंतरच्या पसाऱ्याबद्दल व्यक्त केलेल्या सभ्य दिलगिरीचा उल्लेख करतात. गाण्याच्या शीर्षकातच नवा, नीटनेटका पोशाख आहे. युद्धाचा निषेध असो, असे म्हणणारी एकही ओळ येथे लागत नाही; युद्धाने घातलेले नवे कपडे तेवढे दाखवले जातात. याला घोषणाबाजी म्हणायचे असेल तर घोषणा या शब्दाचा अर्थच बदलावा लागेल.

‘डिअर जस्टिस लेटर’ हे गाणे तर याहून विलक्षण आहे. न्यायमूर्ती विल्यम ब्रेनन जुलै 1990मध्ये प्रकृतीच्या कारणास्तव अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातून निवृत्त झाले. नागरी स्वातंत्र्याच्या बाजूने तीन दशकांहून अधिक काळ उभा राहिलेला हा आवाज गेल्याने न्यायालयाचे पारडे कोणीकडे झुकणार याची चिंता त्या वर्षी अनेकांना वाटत होती. त्या चिंतेवर मोर्चे निघाले, अग्रलेख लिहिले गेले. एका पंक गटाने मात्र एका वृद्ध न्यायाधीशाला पत्र लिहिल्यासारखे गाणे केले, त्यात संतापाबरोबर अनाथपणाची भावना ठेवली आणि त्यासाठी पिचोट्टो यांचा तुटक, धापा टाकणारा स्वर वापरला. राजकीय गाण्याने एवढी विशिष्ट, एवढी वैयक्तिक वाट घेतल्याची उदाहरणे फार नाहीत.

कालबाह्यतेचे म्हणाल तर ‘रिक्लेमेशन’ पुन्हा घ्यावे लागते. स्वतःच्या शरीरावर स्वतःचा ताबा हवा, या मागणीने ते गाणे उघडते. 1989मध्ये मिसुरी राज्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गर्भपातावर निर्बंध घालण्याची राज्यांची मुभा वाढवली होती आणि हे गाणे त्या वातावरणातले आहे. जून 2022मध्ये त्याच न्यायालयाने गर्भपाताचा हक्क मान्य करणारा 1973चा मूळ निकालच रद्द केला. ज्या गाण्याचा विषय तीस वर्षांनंतर अधिक तातडीचा झाला त्याला कालबाह्य म्हणता येणार नाही. चार पुरुषांनी येथे ‘आम्ही’ म्हणावे का, हा प्रश्न मात्र रास्त आहे. याच गटाने 1988च्या ‘सजेशन’मध्ये थेट एका स्त्रीच्या तोंडून गाणे गायले होते आणि त्यावर टीकाही झाली होती. ‘रिक्लेमेशन’मध्ये त्यांनी दुसऱ्याचा आवाज उसना घेतलेला नाही, मागणीत आपला आवाज मिळवला आहे, आणि मला हा बदल विचारपूर्वक केलेला वाटतो.

तिसऱ्या आक्षेपातील दोन गाणी म्हणजे ‘रिक्लेमेशन’ आणि शेवटचे ‘केवायइओ’ (‘कीप युअर आइज ओपन’चे लघुरूप). ही दोन्ही पुढे अनेक वर्षे गटाच्या मैफलींत वाजत राहिली, त्यामुळे ती सर्वांना ठाऊक आहेत. पण मैफलीत गाजणे आणि अल्बममध्ये महत्त्वाचे असणे या निराळ्या गोष्टी आहेत. ‘लाँग डिव्हिजन’ हे लहानसे गाणे पाहा. माणसे हळूहळू एकमेकांपासून दुरावतात, भांडण होत नाही, केवळ अंतर वाढत जाते, एवढाच त्याचा विषय आहे. ज्या मकाय यांना मायनर थ्रेट या त्यांच्या आधीच्या हार्डकोअर गटापासून ओरडण्यासाठी ओळखले जाते ते येथे खालच्या पट्टीत, जवळजवळ स्वतःशी बोलल्यासारखे गातात, गिटारी स्वच्छ आणि हलक्या आहेत, आणि गाणे स्फोटाची वाट पाहायला लावून स्फोट न करताच संपते. हार्डकोअरमधून आलेल्या गायकाने 1991 साली एवढा संयम दाखवणे ही मोठी गोष्ट होती.

‘स्टॅक्स’मध्ये भाषेच्याच तुरुंगात अडकल्याची तक्रार आहे आणि अमेरिका हा एक शब्दच आहे, तरी तो वापरावा लागतो, अशी कबुली आहे. ‘एक्झिट ओन्ली’ अडखळत, लय मोडत सुरू होते आणि पहिल्याच गाण्यात श्रोत्याला सोपे काही मिळणार नाही असे बजावते. मला वाटते, अनेक जण तेथेच कंटाळले असावेत. ‘स्टेडी डाएट’ या शीर्षकगीतात शब्दच नाहीत. एवढ्या बोलक्या गटाने अल्बमचे नाव धारण करणारी रचना केवळ वाद्यांवर सोपवली, याकडे आक्षेप घेणाऱ्यांचे लक्ष गेलेले दिसत नाही. सगळी अकराच्या अकरा गाणी समान दर्जाची आहेत असा माझा दावा नाही. ‘पॉलिश’ मला आजही काहीसे रखडलेले वाटते. तथापि लक्षात राहण्याजोगी दोनच आहेत, हे म्हणणे ऐकून काढलेला निष्कर्ष नव्हे.

राहिला मधल्या थांब्याचा मुद्दा. 1993च्या ‘इन ऑन द किल टेकर’ने ‘स्टेडी डाएट’ची चूक दुरुस्त केली, असे त्यात गृहीत धरलेले असते. घडलेला क्रम इतका सरळ नाही. 1992मध्ये गटाने शिकागोला जाऊन स्टीव्ह अल्बिनी यांच्याकडे ध्वनिमुद्रण केले, ते समाधानकारक वाटले नाही म्हणून बाजूला ठेवले, आणि मग नाइसली यांच्यासह तीच गाणी पुन्हा मुद्रित केली. म्हणजे त्या काळातील अत्यंत नावाजलेल्या ध्वनिमुद्रकाबरोबरचे कामही या गटाने नाकारले होते. स्वतःचा आवाज शोधताना असमाधानी राहणे ही त्यांची नेहमीचीच पद्धत होती, आणि ‘स्टेडी डाएट’विषयीची त्यांची खंत तिच्याच संदर्भात वाचली पाहिजे. दुसरे असे की ‘रेड मेडिसिन’मध्ये ज्या मोकळ्या जागा, बेसने ओढून नेलेल्या चाली आणि शब्दांविना उभ्या राहणाऱ्या रचना आहेत त्यांचा माग काढत गेल्यास आपण ‘किल टेकर’च्या दाट, आक्रमक गिटारींपाशी थांबत नाही, त्याच्याही मागे, शीर्षकगीताच्या निःशब्द वाटचालीपाशी आणि ‘लाँग डिव्हिजन’च्या त्या दबलेल्या स्वरापाशी जाऊन पोहोचतो.