माटुंगा म्हणजे फक्त इडली-डोसा नाही

मुंबईतल्या माटुंग्याच्या खाण्यावरचा तुमचा लेख छान, पण तिथली सगळी कहाणी इडली-डोशात उरकलीत हे पटलं नाही. किंग्ज सर्कलच्या कोपऱ्यावरचं इराण्याचं कूलर अँड कंपनी कसं विसरलात? १९३२ पासून आहे. बनमस्का आणि ब्रून (कडक पाव) घ्यायचं, गप्पा मारत बसायचं.

बाकी कॅफे मद्रासचा रसमवडा सुंदरच, पण रविवारी सकाळी बाहेरची गर्दी पाहून आम्ही सरळ स्टेशनजवळ रामाश्रयला जातो. (तिथेही रांग असतेच म्हणा!) रामा नायकांच्या उडुपी खानावळीत केळीच्या पानावर जेवायचं असेल तर आधी काही खाऊ नका, भात-सांबार वाढणारे थांबत नाहीत. पुढे तेलंग रोडवर मोगऱ्याचा वास घेत चालायचं. आईला तिथलीच वेणी लागते, दादरची चालत नाही.

आणि संध्याकाळ पाच उद्यानांत, म्हणजे फाइव्ह गार्डन्समध्ये. बाकांवर पारशी आजोबा, कच्छी कुटुंबं, शेजारी आमच्यासारखे मराठी. सगळ्यांच्या हातात भेळ! १८९६ च्या प्लेगनंतर शहराची दाटी कमी करायला इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने (शहरसुधारणेसाठी नेमलेल्या सरकारी संस्थेने) ही वस्ती आखली, म्हणून एवढी झाडं नि रुंद रस्ते. पुढच्या भागात कच्छी फरसाणवाल्यांवरही लिहा.