तिळगूळ खाल्ला की पांढऱ्या पेशी झोपतात म्हणे!

संक्रांत आली की आमच्या गंगापूर रोडच्या सोसायटीच्या ग्रुपवर हा फॉरवर्ड ठरलेला: 'दोन चमचे साखर पोटात गेली की पांढऱ्या पेशी पाच तास झोपतात. त्यांना साखर चालतच नाही. साखर सोडा, मध घ्या.' मी लॅबमध्ये दिवसभर रक्तच हाताळते, त्यामुळे राहवलं नाही.

आधी 'चालतच नाही'चं बघू. एकदा सिन्नरहून एक नमुना साध्या नळीत आला, तोही चार तासांनी. शुगर ४८, म्हणजे धोक्याइतकी कमी! घाबरून फोन लावला, तर पेशंट आरामात चहा पीत बसलेला. मग काउंट पाहिला: पांढऱ्या पेशी दोन लाखांच्या वर, ब्लड कॅन्सरचा जुना पेशंट. वाटेत नळीतली साखर या पेशींनीच फस्त केली होती. लाल पेशीही खातात, पण इतकी नाही. म्हणून तर शुगरसाठी राखाडी झाकणाची नळी असते. तिच्यातलं फ्लोराइड हे खाणं थांबवतं (तेही लगेच नाही, तास-दोन तास जातात).

पांढऱ्या पेशींत सर्वाधिक असतात त्या न्यूट्रोफिल. त्यांच्यात मायटोकॉन्ड्रिया (पेशीतली ऊर्जाघरं) मोजकेच, त्यामुळे ऊर्जा मुख्यतः ऑक्सिजनशिवाय ग्लुकोज फोडून. ग्लुकोजच्या एका रेणूमागे एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) फक्त २. पूर्ण जाळला तर तीसेक मिळाले असते. उधळपट्टीच, पण पू झालेल्या जागी ऑक्सिजन असतो कुठे? तिथेही यांचं काम चालतं. जंतू गिळल्यावर मात्र त्या ऑक्सिजन भसाभस ओढतात. तो ऊर्जेसाठी नाही, जंतूवर सोडायचं विष बनवायला. त्याला लागणारं एनएडीपीएच नावाचं रसायनसुद्धा ग्लुकोजपासूनच, दुसऱ्या वाटेनं. त्या वाटेवरचं जी-सिक्स-पीडी एन्झाइम अगदीच कमी असेल, तर जंतू मारणंच लंगडं पडतं.

'पाच तास' आले १९७३च्या एका अमेरिकन प्रयोगातून. त्यात निरोगी माणसांना १०० ग्रॅम साखर दिली होती, म्हणजे वीसेक चमचे. मग रक्त काढून, शरीराबाहेर, पेशी किती जंतू गिळतात ते मोजलं. गिळणं कमी झालं, बंद नाही. ती माणसं जास्त आजारी पडली का, हे त्यात तपासलेलंच नाही.

आणि मध? त्याच प्रयोगात मधही होता, संत्र्याचा रसही. दोघांनीही गिळणं कमीच केलं!

मधुमेहात साखर महिनोन्महिने चढलेली राहिली, तर न्यूट्रोफिल खरोखर मंदावतात, जखमा चिघळतात. तेव्हा मधुमेहींनी तिळगूळ बेतानंच घ्यावा. बाकीच्यांनी एखादी वडी खाऊन पेशींच्या झोपेची काळजी करू नये.