चढणीच्या माशावर भांडावं कसं

न्यू जर्सीत येऊन पाच-सहा वर्षं झाली असतील, एडिसनला घर घेऊन झालं असेल, ओक ट्री रोडवरचा वडापाव आता पूर्वीसारखा लागत नसेल आणि रविवारी करायचं काय हा प्रश्न पडत असेल, तर गरवायला लागा. इथे खाऱ्या पाण्यात गळ टाकायला लायसन्स लागत नाही. ऑनलाइन नाव नोंदवायचं, तेही फुकट. खर्च काय तो रॉडचा, रिळाचा आणि बायकोला खरी किंमत कळली तर होणाऱ्या परिणामांचा. मासा मात्र रोज लागेलच असं नाही. भांडण रोज लागतं, तेव्हा तयारी आधी त्याची करा.

भांडण ज्याच्यावरून आहे त्याची ओळख करून घ्या. स्ट्राइप्ड बास. अंगावर शेपटीपर्यंत सात-आठ काळे पट्टे. आपण स्ट्राइपर म्हणायचं, मेरीलँडवाले त्यालाच रॉकफिश म्हणतात. राहतो समुद्रात, पण वसंतात अंडी घालायला नदीत चढतो. म्हणजे आपल्या भाषेत सरळ चढणीचा मासा. एप्रिल-मेमध्ये हडसनकडे निघालेली झुंड रॅरिटन खाडीत बंकर नावाचे छोटे तेलकट मासे खात रेंगाळते आणि आपण कीपोर्टच्या धक्क्यावर कॉफी पीत तिची वाट बघतो. लहानपणी पहिल्या पावसात बॅटरी आणि काठी घेऊन ओहोळात उतरला असाल, गाबोळीसकट मासे चुलीवर गेले असतील, तर ती आठवण धक्क्यावर काढू नका. इथे तुम्ही ‘अंड्यावरची मादी वाचलीच पाहिजे’ या मताचे.

आता पंथ निवडा. एक सोडणाऱ्यांचा, दुसरा खाणाऱ्यांचा. माझा सल्ला विचाराल तर सोडणारे व्हा. यात पुण्य जास्त आणि भांडी कमी. रात्रभरात चाळीस मासे काढायचे, प्रत्येकाबरोबर फोटो काढायचा, प्रत्येकाला पाण्यात सोडायचं आणि पहाटे शेजारी एकच मासा पिशवीत घालणाऱ्या माणसाकडे खाटकाकडे बघावं तसं बघायचं. फक्त गुणाकार करू नका. किनाऱ्यावरच्या पंधरा राज्यांचा जो मत्स्य आयोग आहे, तो सोडलेल्या दर १०० माशांमागे ९ मरतात असं धरून हिशेब करतो. म्हणजे तुमच्या चाळिसांतले साडेतीन गेले. पिशवीवाल्याचा एक. काही वर्षी तर नेलेल्या माशांपेक्षा सोडून मेलेलेच जास्त भरतात. पण ते मरतात खोल पाण्यात, आपल्या माघारी. फोटोत सगळे जिवंत असतात.

खाणाऱ्यांच्या पंथात जायचं असेल तर पट्टी सोबत ठेवा. दिवसाला माणशी एक मासा, २८ इंचांपेक्षा कमी नको आणि ३१ च्या वर नको. ही वरची मर्यादा आधी ३५ होती (आपल्या राज्याने स्वतःसाठी ३८ करून घेतली होती, आपलं राज्य हुशार). मग २०१५ साली जन्मलेली मोठी पिढी वाढून बरोबर त्या मापात आली आणि २०२२ मध्ये लोकांनी आदल्या वर्षाच्या जवळजवळ दुप्पट मासा घरी नेला. मे २०२३ मध्ये आयोगाने तातडीने ३१ वर आणलं. यावर तुमचं म्हणणं काय असावं? तुमच्याकडे फ्रीजर असेल तर ‘हुकूमशाही’, कॅमेरा असेल तर ‘फार उशीर केला’.

आकड्यांशी कसं वागायचं हेही शिकून घ्या. चेसापीक उपसागरात मेरीलँडचे लोक १९५४ पासून दर उन्हाळ्यात जाळं ओढून त्या वर्षीची पिल्लं मोजतात. एका ओढीमागे किती पिल्लं, हा निर्देशांक. सरासरी अकराच्या आसपास. २०२३ मध्ये आला १. असा आकडा कुणी तोंडावर फेकला तर शांतपणे म्हणा, ‘मी काल इथेच तीस काढले, कमी कुठे आहेत?’ धक्क्यावरून दिसतो तेवढाच अटलांटिक, हे तत्त्व सोडू नका. त्यानेही भागलं नाही तर दुसरं अस्त्र आहे. आपण किती वेळा गळ टाकतो याचा अंदाज सरकार टपालाने प्रश्नावली पाठवून घेतं, आणि तो ३० ते ४० टक्के फुगत असावा असं २०२३ मध्ये सरकारी खात्यानेच सांगितलं. या एका वाक्यावर पुढची दहा वर्षं निघतील. जाळ्यातल्या पिल्लांचा टपालाशी काय संबंध, हे कुणी विचारत नाही.

दोष कुणाला द्यायचा? इथे निवड भरपूर आहे. व्हर्जिनियात बंकरचं तेल काढणारे, सील, न्यूयॉर्कवाले, बोटवाले (तुमच्याकडे बोट नसेल तोवर). व्यापारी मच्छीमार तर हक्काचेच, मग भले आपल्या राज्यात स्ट्राइपर विकायला बंदी असो आणि सगळ्या किनाऱ्यावर मरणाऱ्या स्ट्राइपरमध्ये आपल्यासारख्या हौश्यांचा वाटा ८० टक्क्यांच्या वर असो. आणखी एक लाडकं वाक्य आहे: ‘हे बाहेरून आलेले लोक बादल्या भरभरून नेतात.’ हे मराठीत म्हणणार असाल तर आवाज जरा खाली घ्या. पलीकडचा माणूस तेच तुमच्याकडे बघून इंग्रजीत म्हणत असतो.

सर्वात रसाळ विषय मात्र बंदीचा. बंदी दोन जातींची. एकीत मासा घरी न्यायचा नाही, दुसरीत त्याच्या मागेच लागायचं नाही. पहिली सोडणाऱ्यांना मान्य, कारण त्यांचं काहीच जात नाही. दुसरीचं नाव काढलं की तेच सोडणारे खाणाऱ्यांहून मोठ्याने ओरडतात. मनात कुठला मासा धरून गळ टाकला हे शिपायाने ओळखायचं कसं? त्याने विचारलं तर ‘ब्लूफिशसाठी आलोय’ म्हणायचं. चतुर्थीला मासळीबाजारातून नुसतं फिरून यावं, तसं.

त्यात आपल्या खाडीच्या मधोमध एक न दिसणारी रेघ आहे. अलीकडे न्यू जर्सी, १ मार्चपासून खुलं. पलीकडे न्यूयॉर्क, १५ एप्रिलपर्यंत बंद. माशाला रेघ माहीत नाही. तो मार्चमध्ये दिवसातून दोनदा भरती-ओहोटीबरोबर कायदेशीर आणि बेकायदेशीर होत असावा.

मोठ्या बंदीचा दाखलाही पाठ असू द्या. १९८५ ते १९९० मेरीलँडने स्ट्राइपर धरणं साफ बंद ठेवलं आणि १९९५ मध्ये मासा सावरल्याचं जाहीर झालं. ही गोष्ट दोन्ही पंथ सांगतात. एक म्हणतो, बघा, बंदीने जमतं. दुसरा म्हणतो, बघा, तेव्हा जमलं ना, मग आता कशाला? ऑक्टोबर २०२५ मध्ये मरणाऱ्या माशांत १२ टक्के कपात करण्याचा प्रस्ताव आयोगात मताला आला. सुनावण्यांत सगळे तावातावाने बोलले, आयोगाच्या मंडळाने कपात बाजूला ठेवली आणि मापाची एक व्याख्या पक्की केली: तोंड मिटलेलं, शेपूट चिमटलेली.

ती व्याख्या क्षुल्लक वाटत असेल तर गेल्या मे महिन्यातला हा प्रसंग नीट वाचा. आमच्या एका काकांना संध्याकाळी मासा लागला. दगडावर ठेवला, पट्टी लावली. शेपूट पसरली तर पावणेएकतीस. काकांनी तिथूनच काकूंना फोन केला, ‘मसाला वाटून ठेव.’ शेजारचा म्हणाला, शेपूट चिमटा. चिमटली. सव्वाएकतीस. काका म्हणाले, देवाने शेपूट पसरायला दिलीय. तो म्हणाला, नियम वाचा. काका म्हणाले, कुठे लिहिलंय, दाखव. त्याने फोन काढला, धक्क्यावर रेंज नव्हती. तिसरा आला, त्याने माशाला हाताळायचं कसं यावर दहा मिनिटं व्याख्यान दिलं आणि एक फोटो काढू का, असं विचारलं. माशाचे कल्ले आधी भराभर हलत होते, मग सावकाश. शेवटी सव्वाएकतीसवर एकमत झालं आणि काकांनी त्याला दोन्ही हातांनी पाण्यात धरला, पुढे-मागे हलवला, सोडला. तो उताणा झाला. मेलेलाही मापाबाहेरचा मासा नेता येत नाही, हे मात्र तिघांनाही पाठ होतं. पांढरं पोट स्टेटन आयलंडच्या दिशेने वाहत गेलं, त्यावर एक सीगल उतरला.

घरी मसाला वाटून तयार होता. वाटेत इंडियन ग्रोसरीत थांबून काकांनी फ्रोजन पापलेटं घेतली. तळहातात दोन मावतील एवढी होती. पट्टी गाडीतच होती.