डेटोनाची ४१वी गाडी

दरवर्षी फेब्रुवारीत डेटोना ५०० ही नॅसकारची, म्हणजे अमेरिकेतल्या मोटार शर्यतींच्या मालिकेची, मोठी शर्यत आली की माझं डोकं फिरतं. तिच्या ४० जागांपैकी ३६ जागा २०१६पासून चार्टरवाल्या, म्हणजे हमखास प्रवेशाचा परवाना असलेल्या, टीमना राखीव. पात्रता फेरीत कितीही रखडले तरी रविवारी शर्यतीत हजर! बाकीच्यांनी चार जागांसाठी जीव काढायचा. दोन जागा पात्रता फेरीतल्या वेगावर, दोन ‘ड्युएल’ नावाच्या पात्रता शर्यतींतून. तिथे गाडी ठोकली गेली की गाशा गुंडाळायचा. आणि २०२५मध्ये? एलिओ कास्त्रोनेव्हेसची गाडी ड्युएलमध्येच आपटली, तरी खास सवलतीने त्याला ४१वी जागा! इंडी ५०० ही अमेरिकेतली दुसरी मोठी शर्यत चारदा जिंकलाय, मोठाच ड्रायव्हर आहे, मान्य. पण मग पात्रता फेरी घेता कशाला? सवलतच द्यायची तर चार्टर नसलेल्या, पोटाला चिमटा काढून गाडी उभी करणाऱ्या टीमला द्या ना!