कुंपण म्हणजे हद्द नव्हे!

पुन्हा तेच! शेजाऱ्याच्या कुंपणापासून टेप धरायचा, मोबाइलवर नकाशा उघडायचा आणि पाया खणायला घ्यायचा. मोजणीदाराला बोलवायचं ते भांडण पेटल्यावर. अहो, कुंपण कुणीतरी आपल्या सोयीने घातलेलं असतं. मोबाइलचं जीपीएस मोकळ्या आभाळाखालीसुद्धा 3 ते 5 मीटर इकडेतिकडे होतं, झाडांखाली आणखी. उतारावर तिरका टेप धरलात, तर 10 टक्के उताराला 30 मीटरमागे 15 सेंटिमीटर जागा जास्त दिसते. नकाशावरचं अंतर आडवं असतं, हे कुणी लक्षातच घेत नाही.

त्याहून संताप येतो तो उपटलेल्या खुणांचा. भराव टाकताना जेसीबीवाला कोपऱ्यातली लोखंडी खुंटी उखडतो आणि संध्याकाळी अंदाजाने परत ठोकतो. दिसायला अगदी जागच्या जागी! अशी खुंटी नसलेलीच बरी, कारण पुढचा माणूस तिच्यावर विश्वास ठेवतो. किनाऱ्यावर तर नुसती सळई टिकतच नाही. वाळू सरकते, खाऱ्या हवेने लोखंडाचे पापुद्रे सुटतात. खूण काँक्रीटमध्ये बसवलेलीच हवी, शिवाय दोन-तीन पक्क्या वस्तूंपासूनची तिची अंतरं लिहून ठेवलेली.

आणि समुद्राकडची हद्द भरतीरेषेवर ठरलेली असेल, तर वीस वर्षांपूर्वीचा नकाशा नाचवून हुज्जत घालू नका. ती रेषा हलते! जोत्याची उंचीही पक्क्या बेंचमार्कवरून, म्हणजे उंची ठरवून दिलेल्या कायम खुणेवरून घ्या, रस्त्यावरून नव्हे. रस्ता दर डांबरीकरणात वर चढतो.