मस्करी कशी करावी?

बेळगावात आज गणिताची ट्यूशन आहे, कन्नडची आहे, अबॅकसची आहे, सुंदर हस्ताक्षराचीसुद्धा आहे. मस्करीची मात्र नाही. पोरं बिचारी मोबाईल बघून जमेल तसं शिकतात. ही उणीव मला परवा फार जाणवली, कारण आमच्या पुतण्याच्या खालची खुर्ची त्याच्या जिवलग मित्राने ओढली आणि पोरगं थेट माकडहाडावर आपटलं. आठवीत आहे. सध्या एका कुल्ल्यावर बसतं आणि जेवण उभ्याने करतं. शाळेतून निरोप आला, "मस्करी होती हो." मोठ्या माणसांनी एवढ्या प्रेमाने ज्या कलेला पदरात घेतलंय, ती निदान नीट शिकवावी, म्हणून हे मार्गदर्शन. खानापूरपासून निपाणीपर्यंतच्या सर्व होतकरूंनी लाभ घ्यावा. फी नाही.

सर्वांत आधी मित्र निवडा. मस्करीला मित्रच लागतो, कारण शत्रू उलटून मारतो. पण मित्र म्हणजे कुठलाही नव्हे. ज्याचा थोरला भाऊ त्याच शाळेत दहावीला आहे, तो बाद. ज्याची आई शाळेच्या गेटवर येऊन उभी राहते, तो बाद. खेड्यातून लाल बसने येणारा, जरा बावरलेला, घरी काही न सांगणारा, "जाऊ दे की" म्हणणारा सापडला तर सोन्याहून पिवळं. नवीन ॲडमिशन असेल तर विचारूच नका. त्याला पहिल्याच दिवशी सांगायचं, की कन्नडच्या सरांना वर्गात आल्या आल्या "होगो" (म्हणजे 'चल, नीघ') म्हणायचं असतं, आदराने म्हणतात इथं. पुढे काय होतं ते सीमाभागातल्या वाचकाला मी सांगायची गरज नाही.

दुसरं, जुने खेळ टाळा. त्यांत एक मोठा दोष आहे: राज्य बदलतं. 'चिमणी भुर्र' घ्या. सगळ्यांनी गोल करून बसायचं, बोट जमिनीला टेकवायचं. सांगणारा लयीत घेऊन जाणार, चिमणी भुर्र, पोपट भुर्र, कावळा भुर्र, आणि त्याच दमात, म्हैस भुर्र! ज्याचं बोट उठलं त्याची म्हैस उडाली. आमच्या गल्लीत एक बहाद्दर होता. तो म्हैस म्हणताना स्वतःचाच हात असा झटक्यात वर न्यायचा, की त्याच्याकडे बघणाऱ्याचं बोट आपोआप सुटायचं. कान सांगायचा म्हैस, डोळा सांगायचा उडाली, आणि बोट डोळ्याचं ऐकायचं. केवढी ही मेहनत! आणि फळ काय? पुढच्या डावाला फसलेलाच सांगणारा होणार आणि तुमचीच म्हैस उडवणार.

लपंडावाचंही तेच. दिवेलागणीला कुणाच्या तरी पडवीत जाऊन शर्ट बदलायचे. दुसऱ्याच्या घामाने ओला, वरचं बटण गेलेला चौकड्याचा शर्ट अंगात घालायचा आणि भिंतीच्या कडेने फक्त बाही दिसेल एवढंच बाहेर यायचं. राज्य असलेला जोरात नाव घ्यायचा, नाव चुकलेलं असायचं, की पुन्हा राज्य त्याच्याच डोक्यावर. तो 'चीटिंग, चीटिंग' म्हणून गल्ली डोक्यावर घ्यायचा. आणि दुसऱ्या दिवशी तोच हळूच येऊन विचारायचा, "आज शर्ट कुणाशी बदलायचा बे?" म्हणजे फसलेला माणूस फसवणाऱ्यांच्या पार्टीत. असल्या खेळात कायमचा बकरा तयार होत नाही. आजच्या काळात हे परवडणारं नाही.

मामाचं पत्र तर बादच करा. ज्याच्या मागे रुमाल टाकला तो जागा निघाला तर उठून तुमच्याच मागे धावतो.

'स्टॅच्यू' मात्र ठेवायला हरकत नाही, ती आमच्या भागाची परंपरा आहे. एकाने 'स्टॅच्यू' म्हणायचं, दुसऱ्याने घास तोंडाशी असला तरी तसंच थांबायचं, 'ओव्हर' म्हणेपर्यंत. १ नोव्हेंबर १९५६ रोजी आमचा मराठी सीमाभाग म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेला आणि आम्हाला कुणीतरी 'स्टॅच्यू' म्हटलं. १९६६ साली या सीमावादावर महाजन आयोग नेमला, पुढच्या वर्षी अहवालही आला, 'ओव्हर' काही कुणी म्हटलं नाही. २००४ पासून तो शब्द सुप्रीम कोर्टात अडकलाय. तोवर आम्ही हलायचं नाही. पण ही फार मोठ्या मुलांची मस्करी झाली, आपण शाळेच्या पटांगणात परत येऊ.

चॉकलेटच्या कागदात खडू गुंडाळून देणे: नको, आधी चॉकलेट विकत घ्यावं लागतं.

पाठीवर 'मला मारा' लिहिलेला कागद चिकटवणे: शुद्धलेखन यावं लागतं.

खाजकुइली: फक्त खानापूरकडच्या विद्यार्थ्यांसाठी. हिवाळ्यात शेंगा वाळल्या, की रानातून आणता येते. शेंगेवरची ती सोनेरी लव दिसायला मखमल. कॉलरच्या आत चिमूटभर टाकली, की मित्र तिसऱ्या तासापर्यंत अंग ओरबाडतो, आणि जितका खाजवतो तितकी ती पसरते. म्हातारी माणसं वरून शेण लावायला सांगतात. म्हणजे एका मस्करीत दोन करमणुकी, आधी नाचणारा मित्र, मग शेणाने सारवलेला मित्र. फक्त डोळ्यांत गेली तर काय, असले भित्रे प्रश्न विचारू नका. डोळे त्याचे आहेत.

बिसिऊटाच्या (म्हणजे शाळेतल्या दुपारच्या जेवणाच्या) रांगेत मित्राच्या ताटातलं अंडं पळवणं मात्र मस्करीत मोडत नाही. ते पळवणाऱ्याला बहुतेक भूक लागलेली असते, त्याला अजून एक द्या.

आता मुख्य धडा, खुर्ची. यासाठी कॉम्प्युटर लॅब उत्तम. वर्गातला बाक ओढून निघत नाही, लॅबमधली प्लास्टिकची खुर्ची मात्र फुलासारखी हलकी. मित्र उत्तर द्यायला उभा राहतो. मॅडम बोर्डाकडे वळतात. एकाने खुर्ची धरायची, दुसऱ्याने मोबाईल धरायचा. (शाळेत मोबाईल आणायला बंदी आहे, तसा बोर्ड ऑफिसबाहेर आहे, बोर्डाचं कौतुक करून पुढे चला.) मित्र न बघता बसतो, कारण खाली खुर्ची असते हे त्याला माहीत असतं, आणि मागे मित्र असतो हेही माहीत असतं. त्या दोन्हीतलं एक काढून घ्यायचं. बस्स. याला डोकं लागत नाही, लय लागत नाही, शर्ट बदलावा लागत नाही. म्हैस उडवायला निदान कावळ्यापर्यंत मोजत यावं लागतं. इथं काहीच येत नसलं तरी चालतं.

खुर्चीचा कंटाळा आला तर दुसरा प्रकार आहे. २०२० च्या सुरुवातीला जगभरच्या पोरांनी तो केला. तिघांनी ओळीत उभं राहायचं, मधल्याला सांगायचं उडी मार, आणि तो हवेत असताना दोघांनी दोन्हीकडून त्याचे पाय उडवायचे. मधला डोक्याच्या मागच्या बाजूवर आपटतो. त्या प्रकाराचं नावच कवटी फोडण्यावरून पडलं होतं, तरी लोकांना ती गंमत वाटली. ज्या ॲपवर ते गाजलं त्याच्यावर आपल्याकडे त्याच जूनमध्ये बंदी आली. ॲप गेलं, उडी राहिली. मधल्या सुट्टीत अजून दिसते.

आता शरीरशास्त्राची थोडी उजळणी, कारण डॉक्टरांनी मला ती फुकट करून दिली. माकडहाड म्हणजे कण्याचं सर्वांत खालचं टोक. तीन ते पाच छोटे मणके एकमेकांत सांधून झालेलं. बोटाच्या पेराएवढं. त्याला मार बसला तर प्लास्टर घालता येत नाही. गोळ्या घ्यायच्या, मधे भोक असलेल्या गादीवर बसायचं, आणि वाट बघायची. आठवडेच्या आठवडे. बसताना दुखतं, बसून उठताना त्याहून दुखतं, आणि सकाळी संडासात काय होतं ते तेरा वर्षांचं पोर आपल्या आईलाही सांगत नाही, दार लावून घेतं आणि नळ सोडून ठेवतं. नळाचा आवाज कशासाठी ते घरातल्या सगळ्यांना कळतं. लॅबमध्ये तो जिथे पडला तिथून मागच्या टेबलाची कड वीतभर लांब होती. ती वीतभर नसती तर हा लेख उपरोधिक झाला नसता.

पुढचा टप्पा, पालकांचं मार्गदर्शन. हा माझ्या मते सर्वांत प्रगत अभ्यासक्रम. शाळेत बोलावणं आल्यावर खुर्ची ओढणाऱ्याचे वडील काय करतात ते मी जवळून पाहिलं. गृहस्थ हसत आले. माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "काय ओ दादा, पोरंच ती. आमच्या वेळी आम्ही काय कमी केलंय?" मग खिशातून मोबाईल काढला आणि व्हिडिओ लावला. त्यांच्याकडे होता तो. पोराने पाठवलेला. पडण्याचा क्षण हळू गतीने, मग उलटा, मग पुन्हा, खाली गाढवाच्या ओरडण्याचा आवाज जोडलेला. गृहस्थ म्हणाले, "एडिटिंग बघा की. आठवीतलं पोर आहे, कुठं शिकायला नाही गेलं." आणि वर पुरावा म्हणून, "तुमचा बी हसायलाय बघा त्यात." हेडमास्तर टेबलावरचा पेपरवेट फिरवत होते. त्यांनीही वाकून बघितलं. जरासे हसले.

आमच्या वेळी! अहो, आमच्या वेळी वर्गात खुर्ची एकच होती, मास्तरांची. आपण दोघंही त्याच वयाचे, आपण बसकरपट्टीवर बसलोय. बसकरपट्टी ओढली तर माणूस फार तर दोन बोटं मागं सरकतो. आमच्या वेळी आम्ही मास्तरांच्या खुर्चीला हात लावला असता तर छडीने हाताची सालं निघाली असती. ती छडी गेली ते चांगलंच झालं. मास्तरांनी मारलं तर आज २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ आहे. मित्राने मारलं तर काय आहे? हसून हसून डोळ्यांत पाणी आलेला पिवळा चेहरा. ग्रुपवर तुम्ही तोच टाकला होता, मी बघितला.

आणि हो, तो हसतोय व्हिडिओत. मीही बघितलं. जमिनीवर बसलाय, एक हात मागे, तोंड हसतंय आणि डोळे वर्गभर फिरतायत, कोण कोण हसतंय ते मोजत. चाळीस पोरं हसत असताना एकट्याने रडायची हिंमत तेराव्या वर्षी तुम्हाला होती? मला नव्हती. रडला असता तर उद्यापासून "काय बे, रडायलाईस?" हे दहावीपर्यंत पुरलं असतं. म्हणून हसला. आणि त्याचं हसू तुम्ही त्याच्याच विरुद्ध साक्षीला उभं केलंत.

पुरे झालं ते मार्गदर्शन. सरळ बोलतो.

तुमच्या पोराला मस्करी येत नाही. त्याला फक्त ढकलता येतं. आणि ते त्याने तुमच्याकडे बघून शिकलंय, कारण घरी तो व्हिडिओ दाखवल्यावर तुम्ही त्याला 'कुणाला लागलं का?' असं एकदाही विचारलं नाहीत. तुम्ही विचारलंत, 'कुणी एडिट केलं?' तुमच्या पोराचं वय मला समजतं. तुमचं समजत नाही. चाळिशी ओलांडलेल्या माणसाला माणूस आपटताना बघून तीन-तीनदा हसू येतं?

हेडमास्तर, तुम्हीही. ऑफिसबाहेर मोबाईलबंदीचा बोर्ड लावायचा आणि ऑफिसमध्ये वाकून मोबाईल बघायचा. नोंदवहीत काय लिहिलंत तेही मी वाचलं: 'विद्यार्थी खेळताना पडला.' खेळताना? कोणत्या खेळात? राज्य कुणावर होतं? पुढच्या डावाला कुणाची खुर्ची ओढायची ठरली होती? ते वाक्य खोडा आणि जे झालं ते लिहा. 'पाडला' लिहायला काही शाई जास्त लागत नाही.

आणि मोबाईल धरणारा तो दुसरा. त्याचं नाव कुणीच घेत नाही, कारण त्याने खुर्चीला हात लावला नाही. त्याला आधीपासून माहीत होतं. तो नेम धरून थांबला होता. "अरे, बघ" एवढं म्हणाला असता तरी भागलं असतं. त्याच्याही घरी फोन गेला पाहिजे, तो अजून गेलेला नाही.

आमचं पोर शाळेत जातंय. ती भोकाची गादी दप्तरात मावत नाही म्हणून पिशवीत घालून नेतं, आणि पोरं त्या पिशवीत डोकावून हसतात. त्या खुर्ची ओढणाऱ्याशी आमचा अजून बोलतो. मित्र आहे म्हणतो. मला ते पटत नाही, पण तो त्याचा प्रश्न आहे, मी मधे पडणार नाही.

तुमच्याकडे माझं काम एवढंच. तो व्हिडिओ अजून गल्लीच्या ग्रुपवर आहे. तो काढा, आज, हा लेख वाचून झाल्यावर लगेच. मग पोराला घेऊन आमच्या घरी या. सॉरी त्याने म्हणायचं, तुम्ही नाही. आणि "मस्करी होती" हे वाक्य दारात पुन्हा काढलंत तर तिथूनच परत पाठवीन.