गाडीखालचा डाग : जतन आणि संवर्धन

सकाळी गाडी काढलीत, आरशात मागे बघितलंत आणि फरशीवर पापडाएवढा काळा डाग दिसला, तर घाबरून जाऊ नका. पहिला उपाय फुकटातला आहे. उद्यापासून गाडी शेजाऱ्यांच्या जागेत लावा. ते मुलीकडे गेलेत ना महिनाभर? मग झालं तर. परत आले की डाग त्यांना त्यांच्याच जागेत दिसेल. ते स्वतःच्या गाडीखाली वाकतील, कंबर धरून उठतील, आणि एकदा स्वतःच्या गाडीखाली वाकलेला साठीचा माणूस दुसऱ्याच्या गाडीखाली वाकायला त्या वर्षात तरी येत नाही.

शेजारी गावातच असतील तर सेक्रेटरींसाठी उत्तर तयार ठेवा. "तुमच्या गाडीचं ऑइल गळतंय वाटतं?" "छे हो, ए.सी.चं पाणी!" हे उत्तर मे महिन्यात उत्तम चालतं, डिसेंबरात जरा जास्त ठसक्यात द्यावं लागतं. ए.सी.चं पाणी हे नुसतं पाणीच असतं, वाळलं की मागे काही ठेवत नाही, आणि तुमचा डाग गेल्या दिवाळीपासून वाळतोय. पण इतक्या खोलात शिरायचा स्वभाव असता तर ते सेक्रेटरी झाले असते का?

काही चिकित्सक मंडळी ठिपक्याचा रंग बघतात. तपकिरी किंवा काळं असेल तर इंजिन ऑइल. लालसर असेल तर पॉवर स्टिअरिंगचं किंवा ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं. हिरवं नाहीतर गुलाबी आणि वासाला गोडसर असेल तर कूलंट. घट्ट आणि गंधकासारख्या वासाचं असेल तर गिअर ऑइल. ही मंडळी रात्री गाडीखाली कोरा पुठ्ठा सरकवतात, पुढच्या चाकांच्या जागा त्यावर पेनाने आखतात आणि ठिपका इंजिनाच्या कुठल्या अंगाला पडला ते सकाळी बघतात. पुठ्ठा रद्दीतला, आणि समजणार गाडीच्या मालकाला स्वतःला! असल्या पद्धतीवर कोण विश्वास ठेवणार? तुम्ही आपलं वर्तमानपत्र अंथरा. त्यावर ऑइल पसरत पसरत अग्रलेखापासून हवामानापर्यंत जातं, नेमकं कुठे पडलं ते अजिबात कळत नाही आणि फरशी कोरी राहते.

(एक गोष्ट मात्र थट्टा बाजूला ठेवून सांगतो. फिकट पिवळं, पातळ, बुळबुळीत काही चाकाच्या आतल्या बाजूने ओघळलेलं दिसलं, तर ते ब्रेक ऑइल असू शकतं. तेव्हा हा लेख सोडा, गाडी जागची हलवू नका आणि मेकॅनिकला घरी बोलवा. बाकीच्यांनी पुढे वाचावं.)

आता मुख्य पथ्य. इंजिन कधीही धुवायचं नाही. धूळ आणि ऑइल मिळून इंजिनावर जी जाड काळी साय धरलेली असते ती जिवापाड जपायची. समजा, ती काढली. वायरिंगवर आणि अल्टरनेटरवर प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या, डीग्रीजर, म्हणजे तेलकटपणा सोडवणारं औषध, मारला, ब्रशने घासून इंजिन कोरडं केलं, पंधरा-वीस किलोमीटर गाडी फिरवून आणली आणि बॉनेट उघडलं. तर काय होईल? स्वच्छ धातूवर एकच ओली रेघ दिसेल. तिच्यावर नजर ठेवून वर वर जायचं. जिथे सगळ्यात वरचा आणि सगळ्यात पुढचा ओलावा सापडेल तिथे रोग, कारण ऑइलसुद्धा वरून खालीच येतं आणि धावत्या गाडीत वारा त्याला मागे ढकलतो. त्याहून बारकाईचे लोक संशयाच्या जागी टाल्कम पावडर भुरभुरवून ती कुठे भिजते ते बघतात. ऑइलमध्ये चमकणारा रंग टाकून निळ्या-जांभळ्या उजेडाच्या टॉर्चने शोधणारेही आहेत. एवढं सगळं अर्ध्या दिवसात स्पष्ट झालं, तर पुढची चार वर्षं तुम्ही आणि साडू बोलणार कशावर?

कारण निदान हे इंजिन बघून नव्हे, माणसं विचारून करायचं असतं. साडू बॉनेट न उघडताच सांगतील, "इंजिन काम निघालंय. काढून टाक." वडील म्हणतील, "कंपनी फिटिंग आहे, कुठे हात लावू नकोस." ऑफिसातला मित्र आधी मायलेज विचारेल आणि मग स्वतःच्या गाडीचं सांगेल, तुम्ही न विचारता. रोज रात्री गाडीच्या शेजारी खुर्ची टाकून बसणारा वॉचमन म्हणेल, "साहेब, वरून येतंय ते." पण त्याच्याकडे सायकल आहे. त्याला काय कळतंय?

गॅरेजमध्ये मिस्त्री गाडी पिटवर घेतो, खालून बॅटरी मारतो आणि म्हणतो, "साहेब, चेंबर पॅकिंग गेलंय." पॅकिंग म्हणजे सांध्यातून ऑइल बाहेर येऊ न देणारा थर, आणि चेंबर म्हणजे इंजिनाच्या बुडाशी ऑइल साठवणारी परात. बुडाशीच असल्यामुळे वर कुठेही गळलं तरी शेवटी भिजणार तीच. तिसऱ्या मजल्याच्या बाथरूमची गळती दुसऱ्या मजल्याच्या छताला दिसते म्हणून दुसऱ्या मजल्यावरच्याचे नळ बदलून बिलही त्यालाच पाठवायचं, तसला हा न्याय. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. तुम्ही मान डोलवा. पॅकिंग बदललं जाईल, आठ दिवस परात कोरडी राहील, नवव्या दिवशी पुन्हा ओली होईल. मिस्त्री म्हणेल, "स्पीडब्रेकरला चेंबर लागलं असणार." हेही अशक्य नाही म्हणा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या हिशेबाने गतिरोधक १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, म्हणजे गाडी अलगद चढून अलगद उतरेल असा हवा. आपल्या गल्लीतला गणपतीच्या मांडवापुढे एका रात्रीत झालेला आहे.

चेंबरच्या तळाला एक नट असतो, ऑइल बदलताना सोडायचा. त्याच्याखाली तांब्याचा किंवा अॅल्युमिनियमचा वॉशर असतो. तो आवळल्यावर चेपतो आणि फटी बुजवतो, म्हणून दर खेपेला नवा टाकायचा असतो. किंमत चहाएवढी. हा वॉशर बदललात तर काही गाड्यांची गळती तिथेच थांबते, म्हणून मिस्त्रीला त्याची आठवण करून देऊ नका. माणूस दुखावतो. ऑइल फिल्टर बदलताना जुन्या फिल्टरचं रबर इंजिनालाच चिकटून राहिलंय का, हेही विचारू नका. एकावर एक दोन रबरं बसली की तिथून जी धार लागते ती बघण्यासारखी असते.

आता दुसऱ्या पायरीवर या. "साहेब, मागचं क्रँक सील असेल." हे सील म्हणजे इंजिनाच्या फिरत्या दांड्याभोवती ऑइल अडवणारी चकती. ती इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मध्ये बसलेली असते. चकती हातभरही नाही, पण तिथपर्यंत पोचायला अख्खा गिअरबॉक्स उतरवावा लागतो. गिअरबॉक्स उतरला की मिस्त्री हात पुसत तुमच्याकडे बघतो आणि ते वाक्य म्हणतो: "उघडलंच आहे तर क्लचप्लेट पण टाकून घेऊ." उघडलंच आहे तर! पगार झालाच आहे तर, बाहेर पडलोच आहोत तर, पाहुणे आलेच आहेत तर... अख्खे संसार ह्या वाक्यावर चालतात, तिथे एका गाडीचं काय. क्लचप्लेट टाका, प्रेशर प्लेट टाका, बेअरिंग टाका. गाडी हलकी चालायला लागेल. ठिपका जिथे होता तिथेच पडेल.

मग कधीतरी, चुकून, मिस्त्रीचं लक्ष वर जातं. टॅपेट कव्हर, म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरची टोपी. तिच्या कडेला रबराचं पॅकिंग असतं. इंजिनाच्या उष्णतेने ते काही वर्षांत कडक होतं, दाबलं तर लवत नाही, कोपऱ्यांतून ऑइल झिरपायला लागतं. काहीशे रुपयांचं पॅकिंग, पाऊण तासाचं काम. पण घाई कसली? आधी बोल्ट आवळून बघू. हे बोल्ट साधारण १० न्यूटन-मीटरच्या आसपास आवळायचे असतात. घरगुती भाषेत, वीतभरापेक्षा लहान, १० सेंटीमीटरच्या पान्याच्या टोकाला फार तर १० किलोचा जोर. नेमका आकडा गाडीगणिक बदलतो. तो मॅन्युअलमध्ये असतो, आणि मॅन्युअल विम्याच्या कागदांखाली अजून प्लास्टिकच्या पिशवीत आहे. मिस्त्री पान्यावर पाइप चढवतो आणि पोराला म्हणतो, "अजून एक आटा दे." रबर चेपून बाहेर येतं, टोपी वाकते, आधी कोपऱ्यातून येणारं ऑइल आता दोन कडांनी येतं. तेव्हा घाबरायचं नाही. अजून एक आटा द्यायचा.

आटे संपले की बॉन्ड, म्हणजे फटी बुजवायचा चिकट लेप. करडा असो, काळा असो, ट्यूबमधून दात घासायच्या पेस्टसारखा निघतो आणि आपल्याकडे देवाच्या अंगाऱ्याखालोखाल त्याच्यावरच श्रद्धा आहे. खरं तर तो पातळ रेघेत, तेलकटपणा पूर्ण पुसलेल्या जागी आणि जिथे कंपनीने सांगितलाय तिथेच लावायचा असतो, मग तो सुकायला वेळ द्यायचा असतो. तुम्ही ओल्या कडेवर बाहेरून भरपूर थापा, लगेच गाडी चालू करा. पॅकिंगच्या दोन्ही अंगांना थापलात तर आणखी गंमत. बाहेर जेवढा फुगवटा दिसतो तेवढाच आतही फुगतो. त्याचे तुकडे सुटतात, ऑइलबरोबर फिरतात आणि परातीतल्या गाळणीवर जाऊन बसतात. ऑइल आहे पण वर चढत नाही, अशी अवस्था येते. बाहेरची गळती थांबली नाही तरी आतलं काहीतरी नक्की थांबतं.

ब्रीदरचा विषय कोणी काढला तर तो बदला. इंजिनाच्या पोटात वायू साठतात. ते बाहेर न सोडता पुन्हा जाळायला पाठवणारा ब्रीदरचा एक छोटासा व्हॉल्व्ह असतो. तो काजळीने चोंदला की आतला दाब वाढतो आणि ऑइल मिळेल त्या सीलमधून वाट काढतं. एक सील बदललं की शेजारचं गळतं, ते बदललं की पलीकडचं. पुष्कळ गाड्यांत हा व्हॉल्व्ह काढून कानाशी हलवला की टिकटिक वाजतो. वाजला नाही तर चोंदलाय. पण मग ती चार सिलं कशासाठी बदलली, असा प्रश्न घरातूनच यायचा.

ह्या काळात गाडी चालवायची कशी? डिकीत ऑइलचा एक लिटरचा डबा ठेवून. ऑइल मोजायच्या पट्टीवरच्या खालच्या आणि वरच्या खुणेत बहुतेक गाड्यांत सुमारे एक लिटरचं अंतर असतं. पट्टी सपाट जागी, इंजिन बंद करून पाचेक मिनिटांनी बघावी असं म्हणतात. तुम्ही उतारावर बघा. जास्त दिसलं तर बरकत, कमी दिसलं तर उतार आहे. गरम एक्झॉस्टवर ठिबकून सिग्नलला जळका वास आला तर काच वर करून पुढच्या ट्रककडे रागाने बघा. टायमिंग बेल्टच्या बाजूने गळत असेल तर फारच छान. ऑइलने रबराचा पट्टा फुगतो, सुटतो, एक दिवस तुटतो, पुष्कळ इंजिनांत पिस्टन थेट व्हॉल्व्हवर आदळतात, आणि साडूंचं चार वर्षांपूर्वीचं भाकीत अखेर खरं ठरतं. त्यांना पेढे द्या.

डॅशबोर्डवर झारीसारखा एक लाल दिवा असतो. मंत्र्यांच्या गाड्यांवरचे लाल दिवे १ मे २०१७ पासून उतरले, तुमचा तेवढा राहिलाय. तो ऑइल कमी झाल्याची सूचना देतो असा गोड गैरसमज पसरलेला आहे. तो बहुतेक गाड्यांत ऑइलचा दाबच गेल्याचं सांगतो, म्हणजे बारशाचं नव्हे, तेराव्याचं आमंत्रण. जाणकार तिथल्या तिथे इंजिन बंद करतात. तुम्ही "फक्त घाट उतरेपर्यंत" म्हणा.

आणि जूनचा पहिला पाऊस. वर्षभर रस्त्यावर सांडलेलं आपल्या सगळ्यांचं ऑइल त्या दिवशी वर तरंगतं, चौकात इंद्रधनुष्य उमटतं आणि स्कूटरवाली कॉलेजची पोरं एकामागून एक आडवी होतात. तुमचे त्यात दिवसाला चार थेंबच असतात. चार थेंबांवर नाव थोडंच लिहिलेलं असतं?

पाचव्या वर्षी गाडी विकायची ठरते. रविवारी सकाळी दहाला गिऱ्हाईक येणार. शनिवारी तुम्ही ती वॉशिंग सेंटरला नेता आणि जन्मात पहिल्यांदा म्हणता, "इंजिन पण धुवा." चार वर्षांची साय निघते, खालून चकचकीत इंजिन बाहेर येतं. सेंटर गावाबाहेर आहे, घरी येईपर्यंत पंधरा किलोमीटर होतात. बघू तरी कसं दिसतंय म्हणून पार्किंगमध्ये बॉनेट उघडता. अंधार असतो, वॉचमन टॉर्च धरतो. टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून, बॉन्डच्या थराखालून, एक बारीक तपकिरी रेघ निघालेली असते आणि सरळ खाली चेंबरकडे गेलेली असते. वॉचमन काही बोलत नाही.

अशा वेळी जुना बनियन घ्यावा, रेघ पुसावी आणि बॉनेट लावावं. सकाळी दहाच्या आत गाडी शेजाऱ्यांच्या जागेतून काढून आपल्या जागेत आणायला विसरू नका. ते यंदाही मुलीकडे गेलेत, आणि आपली फरशी कोरी आहे.